क्लोज वेट

ससून डॉकच्या मागे, शीतगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर,
पहाटे तीन वीसला मी प्रोग्रॅमला विचारलं,
तुझ्या आत आत्ता कोण कोण आहे?
त्यानं यादी दिली.
रीकनेक्ट एक, रीकनेक्ट दोन,
यादी स्क्रीनवरून उतरत राहिली, मी चहा संपवला,
ती उतरतच होती.
चार हजार एकशे साठ थ्रेड.
काम कुणीच करत नव्हतं.
सगळे वाट बघत होते.

खाली धर्मा तांडेल, हातात टॉर्च.
फोन त्यानंच केला होता:
"ताई, तुमचा आकडा उणे अठरा म्हणतोय
आणि माझ्या कोळंबीला घाम सुटलाय."
आकडा रात्री दहालाच मेला होता.
पण हलत नसलेल्या आकड्यावर
संशय कोण घेणार?
तांडेलनं दाराच्या रबरावर हात ठेवून पाहिला, म्हणून कळलं.

झालं होतं एवढंच:
बर्फाचा क्रशर सुरू झाला की
दिवे मान टाकतात, राउटर डोळे मिटतो,
जोडणी तुटते.
तुटली की क्लायंट नवी जोडतो,
नवा सॉकेट, नवे आठ थ्रेड,
शिस्तीत, न कुरकुरता, दिवसातून वीसदा.
जुन्यांना कुणी सांगितलंच नाही
की बाबांनो, निघा आता.

तांडेलला मी बोटीचं उदाहरण दिलं.
तो म्हणाला, "दर खेपेला नवा दोर, आणि जुना सोडायचाच नाही?
मग खुंटा दिसायचा नाही."
नव्हताच दिसत.
मेमरी पडून होती ढीगभर, पंखा गार,
फक्त सिस्टीमनं हात वर केले होते:
आता अजून एकही थ्रेड मिळणार नाही.

आणि पाचशे वीस सॉकेट, क्लोज वेटमध्ये.
म्हणजे पलीकडच्यानं फोन ठेवलेला असतो,
तो ठेवल्याचा आवाजही आपण ऐकलेला असतो,
तरी रिसीव्हर कानालाच.

पण मग सहा वर्षं हे चाललं कसं?
कोड तोच. केबल तीच. क्रशरही तोच, खडखडणारा.
सव्वीस दिवसांपूर्वी काय बदललं?
तांडेल म्हणाला, "भिसे गेले की रिटायर होऊन."
भिसे, आवक-जावकचं रजिस्टर लिहायचे.
जावा म्हणजे दोन भावांच्या बायका
यापलीकडे त्यांना ठाऊक नव्हतं.
दर रविवारी ते मशीन बंद करायचे,
फडक्यानं धूळ पुसायचे,
पाव बुडवून चहा घ्यायचे, मग पुन्हा लावायचे.
कुठल्याच कागदात हे नाही.

उजाडेपर्यंत मी अकरा ओळी लिहिल्या.
नवं जोडण्याआधी जुनं मिटव.
मिटलं का, थांबून बघ.
एक जण जोडत असेल तर दुसऱ्यानं घुसू नये.
लागलं नाही तर जरा दमानं, पुढच्या वेळी अजून दमानं.
आणि फायनलीच्या कंसात, काहीही होवो,
हातातलं खाली ठेव.
क्रशर मुद्दाम सहा वेळा लावला.
आठ थ्रेड. आठ. आठ.
कोळंबीचे तीन क्रेट तोवर गेले होते,
ते कुठल्या ओळीत लिहायचे, मला सुचलं नाही.

दुपारी भिशांना फोन लावला.
घोडपदेवला असतात, मुलाकडे.
सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले,
"म्हणजे आता रविवारी बंद करायची गरज नाही?"
नाही म्हटलं.
"बरं," ते म्हणाले. "धूळ मात्र पुसा."

त्यांना फोन कट करता आला नाही, किंवा लक्षात राहिलं नाही.
कुकरची शिट्टी ऐकू आली, नातवंडाचा हट्ट,
खुर्ची सरकल्याचा आवाज,
आणि बराच वेळ काहीच नाही.
मी ऐकत राहिले.
मग माझ्या बाजूनं
बंद केला.